माझ्या वाटची चव

तोंडातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, नागपूरला रेडिएशनचे शेक झाले, आणि डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बऱ्या आहात. घरी हिंगणघाटला आले ती जिभेची चव गमावून. भात तोंडात घेतला की ओला कापूस चघळल्यासारखं व्हायचं. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. भेटायला येणारे म्हणायचे, जीव वाचला हे काय कमी आहे? खरंच होतं ते. मी मान हलवायचे, पण आत सगळं सुनं सुनं असायचं.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माणसाला सुख कशासाठी होतं, याचं उत्तर माझ्याजवळ तयार असायचं. गोड फळात ताकद असते. ज्यांना गोड आवडलं ते तगले, आणि ती आवड पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापर्यंत आली. माझे यजमान तालुक्याच्या कचेरीत कारकून. देवाचं नाव घेतल्याशिवाय ताटाला हात न लावणारे. ते म्हणायचे, "पोट भराचंच होतं त देवानं जिभेचे एवढे लाड काऊन केले?" मी म्हणायचे, पोट भरावं म्हणूनच. संसारभर आमचा हा वाद चालला, पण त्यावरून भांडण कधी झालं नाही.

आता मात्र तो वाद माझ्या अंगावर आला. चव नाही म्हणून खावंसं वाटेना, खाणं नाही म्हणून अंगावरचे कपडे सैल होत गेले. पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच. पण पुस्तक बरोबर ठरलं म्हणून घास खाली उतरत नव्हता. आणि हे जेवणापुरतंच राहिलं नाही. आवडीचं गाणं लावलं तरी मन हलेना, बहीण आठवडाभर राहून गेली तरी हलेना. एका दुपारी मी यांना तोंडावरच विचारलं, "तुमच्या देवानं दिलेलं सुख होतं ना हे? मग काढून का घेतलं?" "मले नाई माहीत," ते म्हणाले. "मी गिरडले जाऊन येतो म्हणतो. तूही येजो. काही मागू नोको, नुसती येजो."

गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला जायची आमच्या सासरी जुनी रीत आहे. मी थांबत थांबत वर चढले. यांनी चादर वाहिली, डोकं टेकलं. मीही टेकलं, पण मनात एक शब्दही आला नाही. रिकामी गेले, तशीच रिकामी उतरले. खाली आल्यावर चक्कर आल्यासारखं झालं. मला झाडाखाली बसवून हे पाणी आणायला गेले.

जवळच आंजीहून आलेल्या एका कुटुंबाचा नवसाचा स्वयंपाक झाला होता. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वास मला येत होता, आणि तोच जास्त छळत होता. त्यांच्यातली माझ्याच वयाची एक बाई उठून माझ्याजवळ आली.

"काऊन बाई, अशा एकट्या काऊन बसल्या? या जेवाले."

"नको. आजारानं माझी चव गेली आहे. अन्न वाया जाईल."

तिनं मला नीट न्याहाळलं. कीव केली नाही. "चव नाई त नाई. पंगतीत बसाले का चव लागते? या इकडं." आणि माझा हात धरून तिनं मला आपल्या सासूशेजारी नेऊन बसवलं.

सासू खूप म्हातारी, तोंडात दात नाही. सुनेनं तिला रोडगा वरणात कुस्करून दिला होता, वर तूप. पण म्हातारीचं लक्ष भाजीवर. वांग्याची फोड तिनं तोंडात घेतली, हिरड्यांनी दाबली आणि डोळेच मिटले. रस्सा हनुवटीवर ओघळला, तिला पत्ता नाही. "अगाई व माय," ती म्हणाली, "काय झाली हे भाजी!" मग डोळे उघडून तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं. "तुले चव नाई म्हनते न माही सून? मंग थांब. तुह्या वाटची चव मीच घेतो." आणि माझ्या ताटातली एक फोड उचलून तिनं खुशाल तोंडात टाकली.

मला हसू फुटलं. पोट धरून हसले. पाण्याची बाटली घेऊन आलेले हे तसेच उभे राहिले. जिभेला काहीच कळत नव्हतं, तरी आत काहीतरी भरून येत होतं. त्या म्हातारीचं सुख मला होत होतं. तिच्याकडे बघत बघत वरणात बुडवलेला अख्खा रोडगा मी कधी संपवला, कळलंही नाही. निघताना मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, तोही शेक घेतलेल्याच बाजूनं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी जेवायला लागले, चव नसतानाच. काही महिन्यांनी यांनी कारल्याची भाजी केली, तेव्हा पहिल्या घासाला मी थबकले.

"का झालं?"

"कडू आहे!"

"थांब, गूळ टाकतो."

"नका टाकू," मी म्हटलं, आणि रडत रडत सगळी भाजी संपवली. कडू चव विषापासून सावध करायला असते, असं मीच शिकवते. त्या दिवशी तिच्याइतकं गोड मला दुसरं काही नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, शेक झाल्यावर चव हळूहळू परत येते. त्यांचं मला पटतं. वर्गातही मी आधीचंच शिकवते, कारण ते खरं आहे. पण कारल्याच्या त्या घासाला मला कुणाचे तरी आभार मानायचे होते, आणि उत्क्रांतीचे आभार मला मानता येईनात. हात आपोआप जुळले. समोर कोण आहे, ते मला अजून माहीत नाही. यांना विचारलं, तर तेही म्हणतात, "मलेही पुरतं कुठं माहीत हाय? तू जोडत जाजो."

मी जोडते. मग आम्ही दोघं जेवायला लागतो.