हेमकांतभाऊंची उंटीण
लोणखेड्याचे हेमकांत पाटील शहाद्याच्या एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नुसते बघायला म्हणून गेले आणि येताना उंटीण घेऊन आले. नाव ठेवलं लालपरी.

"आते इले बांधशात कोठे? मन्हा डोकावर?" त्यांच्या बायकोने, रंजनाबाईंनी दारातच विचारलं.

हेमकांतभाऊंनी ती केळीच्या बागेपलीकडे, कडुलिंबाखाली बांधली. गाव वर्षभर हसलं. भाऊ रोज तिला पाला घालत आणि हसणाऱ्यांकडे बघत नसत.

मग एक दिवस पुण्याहून चारुलताचा, त्यांच्या पुतणीचा फोन आला. ती एका प्रयोगशाळेत फ्लूवरच्या औषधाचं संशोधन करायची.

"काका, उंटीण आहे ना अजून? तिचं थोडं रक्त हवंय. विषाणूला धरणाऱ्या अँटीबॉडी आपल्याही रक्तात असतात, पण त्या धिप्पाड. विषाणूच्या बारीक खाचेत शिरत नाहीत. उंटाकडे एक साधा प्रकार असतो. त्याचं नुसतं टोक कापून घेतलं तरी ते एकटं काम करतं."

भाऊंना चटकन उमगलं. "म्हंजे भरेल गाडीमा पहिलवान दारमाच अडकस, नि काडीपहिलवान खिडकीपाशी जाईसन बसस!"

"अगदी तसंच, काका."

रीतसर परवानग्या आल्या, पाठोपाठ चारुलताही गावी आली. आधी विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा टोचायचा, म्हणजे लालपरीचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करणार. तीन वेळा टोचून झाल्यावर रक्त घ्यायचं. पहिल्या सुईला लालपरीने चघळलेला सगळा पाला जनावरांच्या डॉक्टरच्या, धीरजच्या नव्या शर्टावर रिकामा केला. दुसऱ्या वेळी धीरज रेनकोट घालून आला, तर ती त्याला घेऊन लिंबाभोवती फिरली.

तिसऱ्या वेळी नेमक्या रंजनाबाई तिथे आल्या. भाऊ गॅसची टाकी आणायला विसरले होते. त्या जशा बोलायला लागल्या, तशी लालपरीने मान खाली घेतली, डोळे मिटले आणि गप्प उभी राहिली.

"काकी, थांबू नका!" चारुलता ओरडली. धीरजने सुई टोचली.

रक्त घ्यायच्या दिवशी काकींना खास बोलावणं गेलं. त्या इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या, खुर्चीत बसल्या आणि लग्नातल्या रुसव्यापासून सुरुवात केली. भाऊ समोर उभे. विज्ञानासाठी ते सगळं ऐकून घेत होते. मानेतल्या शिरेतून रक्त उतरत होतं, लालपरी हलत नव्हती. मुलीच्या बारशापर्यंत आल्या तेवढ्यात धीरज म्हणाला, "झालं, काकी. पिशवी भरली."

"इतलामाच? आजून मन्ही नणंद बाकी शे!"

आठ महिन्यांनी चारुलता पुन्हा लोणखेड्याला आली. लालपरीच्या रक्तावरून तयार केलेल्या अँटीबॉडीच्या टोकांपैकी एकाने काचेच्या बशीत फ्लूचा विषाणू अडवला होता. आता उंदरांवर तपासणी सुरू होती. माणसांसाठी औषध व्हायला अजून कितीतरी वर्षं, कदाचित होणारही नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

"पण अडवला ना? आपल्या लालपरीनं?" भाऊंनी दोनदा विचारलं. मग ते उठून लिंबाकडे गेले, उंटिणीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. डोळे भरून आले होते.

मागून रंजनाबाई पाल्याची टोपली घेऊन आल्या. आजवर त्यांनी तिला एक काडी घातली नव्हती.

"रडाले काय व्हयनं?" त्या म्हणाल्या. "सरका. तिले खाऊ द्या."