कोंबड्यांना घर देणारी पंचफुलाबाई

संत्रा मार्केटात पेट्या भरणाऱ्या बायांमध्ये पंचफुलाबाईचं तोंड सगळ्यात फटकळ. सडकं संत्रं आणि खोटा माणूस तिला एका नजरेत कळे. बहात्तर-त्र्याहत्तरचे दिवस. तिच्या वस्तीत सायकलवाल्याकडून पिल्लं घ्यायची टूम निघाली होती. घेताना सायकलवाला शपथेवर सांगे, साऱ्या कोंबड्याच. चार महिन्यांनी त्यातले निम्मे बांग द्यायला लागत! मिलच्या रातपाळीहून आलेल्या माणसांचा डोळा लागतो न लागतो तोच हे सुरू. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे तर टोपल्याखाली झाकलेलं आरवायचंही थांबत नव्हतं. पण पोरांनी हातावर वाढवलेला जीव, खाववत नाही आणि ठेववतही नाही. मग तो पंचफुलाबाईकडे येई.

तिची रीत सोपी होती. संत्री घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती एकच गोष्ट विचारी, "कोंबड्या किती हायेत गा तुमच्या घरी?" "एकबी नाही, पण दे ना," म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत तिला रस्सा उकळताना दिसे. त्याला ती हाकलून देई. आठ-दहा कोंबड्यांचा धनी भेटला, की त्याच्या रिकाम्या पेटीत कोंबडा बसवून देई. तिथे त्याला काम होतं, म्हणून तो जगणार होता. ती स्वतः मटण बोटं चाटून खाई, उगाच सोवळेपणा नाही. पण शब्द देऊन पाठवलेला जीव वेगळा.

शेजारच्या प्रेमिलाचा तांबडा कोंबडा असाच नरखेडकडे, गणपतरावांच्या संत्र्याच्या बगिच्यात गेला. मूलबाळ नसलेल्या प्रेमिलाने त्याला पदराखाली वाढवलं होतं. ती रोज विचारी, "हाये ना वं तो?" रोज "हाये" म्हणता म्हणता पंचफुलाबाईच्याच मनात शंका शिरली. एका सुट्टीच्या दिवशी तिने एसटी धरली.

कोंबडा होता. विहिरीजवळ मान फुगवून ऐटीत हिंडत होता. ती हरखली. पण तिला पाहून गणपतरावही हरखले. बायकोला हाक मारून म्हणाले, "सिंधू, पाहुणी आली! तो तांबडा पकड. आज रस्सा!"

पंचफुलाबाईच्या मनात आलं, आपणच याचं मरण घेऊन आलो! नाही म्हणावं, तर हा मानही काही लहान नव्हता. छप्पन साली धम्म घेतला, तरी गावातल्या सवर्ण घरांनी तिला आग्रहाने जेवायला बसवल्याचं तिला आठवत नव्हतं.

सिंधूताईने कोंबडा धरला आणि अंगणातल्या तीन दगडांवर पातेलं चढवलं. कोंबडी त्या घरात अंगणातच शिजे आणि ओसरीवरच वाढली जाई. म्हणजे मान मिळणार होता, पण घरातल्या चुलीपासून लांबच. ते ध्यानात आलं, तसं पंचफुलाबाईला बोलायचं बळ आलं.

"भाऊ, त्याले सोडा. मी त्यालेच पाहाले आली. तो कापला जानार नाही, असा शब्द देल्ला हाये म्या. मान करायचा असन, तर तुमच्या चुलीपाशी बसवा. भाकर-ठेचा, जे असन ते खाईन."

कोंबडा कापा म्हणायला गणपतरावांना क्षणही लागला नव्हता. आता ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. त्या स्वयंपाकघरात पंचफुलाबाईच्या समाजातलं कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. एसटीची वेळ काय, हे विचारून सरळ निघून जावं, असं पंचफुलाबाईला वाटून गेलं.

सिंधूताईने नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातले कोंबड्याचे पाय सोडून दिले.

"या वं आत," ती म्हणाली, "भाकर गरमच हाये."

आत तिने चुलीसमोर पाहुणीचा आणि आपला, असे दोन पाट एकमेकांना लागून मांडले. पंचफुलाबाई बसली, पण पहिल्या घासालाच तिने डोळ्यांना पदर लावला. ठेचा झोंबला असेल, म्हणून सिंधूताईने आपला पाण्याचा गडू तिच्यापुढे सरकवला, आणि मग पंचफुलाबाईला रडूच आलं.