अनवाणी मनिराम आणि त्याचं टिप्पर

मुर्री गावच्या मनिरामचं टिप्पर म्हणजे चाकांवरचं देऊळ. केबिनमध्ये देव, हार, उदबत्ती. चपला घालून वर चढायची कुणाची टाप नाही. त्याच्याही चपला घरीच. त्यामुळे स्वारी एकदा वर बसली की खाली चिखलात उतरणं तिच्या जिवावर यायचं. आरशात बघायचं आणि मागचा मालाचा डाला उचलायचा, एवढंच.

मागच्या पावसाळ्यात असाच एका धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मुरूम टाकायला गेला. डाला वर गेला, ओला मुरूम वरच चिकटून बसला, एका बाजूची चाकं रुतली आणि टिप्पर म्हशीसारखं सावकाश आडवं झालं. मनिराम खिडकीतून निघाला तो गळ्यात देवाचा हार घेऊनच! "मनिराम गाडी झोपवून आला," असं गाव अजून म्हणतं. मालक भैयाजींनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. पुन्हा गाडी पडली तर चावी ठेवून घरी बसायचं, असं त्यांनी बजावलं.

बायको रुख्मा त्याहून झोंबणारं बोलली. "मी डोक्शावर हंडा घेऊन बांधीच्या ओल्या धुऱ्यानं चालतो, तं आधी पाय टाकून पाहातो. तू येवढा मोठा हंडा उचलून राहिला, अन् पाय काऊन नाही टाकत खाली?"

परवा गावातल्या भूपेंद्रच्या नव्या घराचा भराव होता. पहिली ट्रिप मुहूर्तावर आणि ईशान्य कोपऱ्यातच पडायला हवी होती. नारळ फुटला, मोबाईल वर झाले. मनिराम अनवाणीच उतरला आणि कोपऱ्यात टाच दाबली. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"येथं नाही जमत जी."

"अरे, मुहूर्त निकल रहा है! भेऊन राहिला का?" भूपेंद्र म्हणाला. सगळे खदाखदा हसले. मनिरामचे कान तापले. क्षणभर वाटलं, होऊन जाऊ दे. पण चावी आठवली.

"हो, भेऊन राहिलो," तो म्हणाला.

मग त्यानं टिप्पर कडक, सपाट जागेवर सरळ उभं केलं आणि घमेलंभर मुरूम काढून भूपेंद्रच्या हातात दिला. "घ्या, ईशान्येले तुमच्याच हातानं टाका."

मुहूर्त साधला. डाला वर गेला, तर मुरूम पुन्हा वरच अडला. मनिरामनं डाला खाली घेतला, फावड्यानं मुरूम मोकळा केला, मगच पुन्हा उचलला. सगळा ढीग सुर्रकन खाली आला. टिप्पर जागचं हललंही नाही.

संध्याकाळी केबिन झाडायला चढलेल्या रुख्माला देवापुढे चिखलाची पावलं दिसली. मनिराम ओशाळून फडकं घेऊन धावला.

"राहू दे," ती म्हणाली. "लक्ष्मी अशाच पायानं येते घरी."