मालोजीरावांचं अद्यतन

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मालोजीराव तेहेतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. कुठल्या रॅकवर कुठला बोल्ट आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. अलीकडे डोळे मिटायला मिळणं हाच त्यातला मोठा भाग वाटू लागला होता.

मार्चमध्ये त्यांना अठ्ठावन्न वर्षं पुरी होत होती. मालकांनी वर्षभराची मुदतवाढ तोंडी कबूल केली होती, पण एका अटीवर. स्टोअरचं रजिस्टर बंद होणार होतं आणि सगळ्या नोंदी फोनवरच्या ॲपात जाणार होत्या. "एक आठवडा चालवून दाखवा, अण्णा," मॅनेजर शिवकुमार म्हणाले. "जमलं तर पत्र देतो. नाही जमलं तर…" पुढचं त्यांनी सौजन्याने हवेत सोडलं. घरी बसायची मालोजीरावांची तयारी नव्हती, आणि त्यांना दिवसभर घरी बघायची त्यांच्या पत्नी सकवारबाईंची तर मुळीच नव्हती.

आठवडा सोमवारी सुरू व्हायचा होता. रविवारी इथल्या मराठी समाजाच्या मंडळाची बैठक झाली. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज घोड्यावरून इथे आले, एवढं सोडलं तर मंडळाकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून तेवढं दर बैठकीत सांगितलं जाई. या वेळी अध्यक्ष खंडोजीरावांनी ठराव मांडला की, प्रत्येकाने आपला फोन मराठीत ठेवायचा. ठराव एकमताने मंजूर झाला. हजर असलेल्या चाळीस जणांत मराठी वाचता येणारे तीन-चार असतील. बाकीच्यांच्या घरी मराठी बोलत, 'थोडं'च्या जागी कन्नड 'स्वल्प' येऊन 'स्वल्प मीठ घाल गं' इतपत शुद्ध, पण शाळा सगळ्यांच्याच कन्नड झालेल्या. हे ज्याला त्याला स्वतःपुरतं ठाऊक होतं आणि शेजारच्या खुर्चीपासून लपवायचं होतं. खंडोजीरावांनी रांगेतून फिरत एकेकाच्या फोनची भाषा स्वतःच्या हाताने बदलून दिली. मालोजीरावांना फोन परत मिळाला तेव्हा तो मायबोलीत आला होता आणि त्यांना अनोळखी झाला होता.

सोमवारी ॲप उघडताच त्यावर एक पाटी आली. शाळेतल्या तिसऱ्या भाषेच्या, म्हणजे हिंदीच्या, जोरावर मालोजीरावांनी ती अक्षर-अक्षर जुळवून वाचली. 'अद्यतन आवश्यक.' खाली दोन बटणं होती, 'आता' आणि 'नंतर'.

शिवकुमारना विचारायची सोय नव्हती. फोन जमत नाही, असं त्यांनी समजायचं आणि आठवडा तिथेच संपायचा. मालोजीरावांनी 'नंतर' दाबलं, नोंद केली आणि संध्याकाळी घरी विचारलं, "अगं, अद्यतन म्हणजे काय?"

सकवारबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "आद्य म्हणजे आधी. तन म्हणजे शरीर."

"म्हणजे?"

"आधी शरीर सांभाळा, म्हणतंय. बरोबरच आहे ते. कालपासून खोकताय."

मालोजीरावांना बरं वाटलं. तेहेतीस वर्षांत कारखान्याने त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली नव्हती, ती आता ॲप करत होतं. मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी आदराने 'नंतर' दाबलं.

गुरुवारी 'नंतर' नव्हतं. एकच बटण उरलं होतं. बाहेर होसकोट्याहून कास्टिंग घेऊन आलेला टेम्पो उभा होता. चालानाचा फोटो ॲपात चढल्याशिवाय माल उतरवायचा नाही, असा नवा नियम होता. मालोजीरावांनी ते एकुलतं बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला आणि फिरतच राहिला.

चाळीस मिनिटं झाली. टेम्पोचा ड्रायव्हर कृष्णात आत आला. तो निपाणीकडचा, चाळिशीतला, आणि कंटाळा आला की जास्त बोलणारा होता.

"काय मामा, माल उतरवायचा का इथंच टेम्पोत संसार थाटू?"

"स्वल्प थांबा. हे सांगतंय शरीर सांभाळा, आणि मग काही करत नाही."

"काय सांगतंय?" कृष्णातने फोन हातात घेतला, वाचला आणि डोकं खाजवलं. "मामा, अद्यतन म्हणजे अपडेट!"

"मग अपडेट असं का लिहीत नाही?"

"मराठीत लिहिलंय न्हवं. तुम्ही मराठी बोलतायसा की, मग वाचता येत न्हाई?"

नेमके तेव्हाच शिवकुमार दारात आले. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "अण्णा, पाऊण तास झाला. काय अडचण आहे?"

"डेटा संपलाय ह्यांचा, साहेब," फोनवर आलेला मेसेज दाखवत कृष्णात हिंदीत म्हणाला. "रोजचा दीड जीबी, आणि सकाळी साडेनऊलाच साफ. माझा हॉटस्पॉट देतो." त्याने फोन जोडून दिला. "पण डेटा खातंय कोण, ते बघाय पाहिजे. सेटिंग मराठीतच ठेवू न्हवं, मामा?"

आता बोलणं भाग होतं. साडेतीनशे वर्षं मालोजीरावांच्या मागे उभी होती आणि शिवकुमार समोर. मालोजीराव इतके थकले होते की, दोन्हींपैकी जवळचं कोण, एवढंच त्यांनी पाहिलं.

"कन्नड करा," ते म्हणाले. "मला मराठी वाचता येत नाही."

शिवकुमारनी भुवई उचलली. "मग मराठी ठेवली कुणी?"

"समाजाने."

शिवकुमारनी स्वतःच भाषा बदलून दिली. पाटी बदलली. कन्नडमध्ये सरळ लिहिलं होतं, 'अपडेट माडी', म्हणजे अपडेट करा. आता कृष्णातला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. तो मागे सरकला आणि मालोजीरावांचं बोट पहिल्यांदाच घाईने चालू लागलं. डेटा कुठे गेला, याचं पान त्यांनी उघडलं. मंडळाच्या ग्रुपने सकाळपासून एक जीबी शंभर एमबी खाल्ले होते. मातृभाषेचा अभिमान बाळगा, हे सांगणारे खंडोजीरावांचे सत्तावीस व्हिडिओ आपोआप उतरले होते. मालोजीरावांनी आपोआप उतरणं बंद केलं. अपडेट वायफायवरच व्हावं, अशी खूणही केली. कारखान्यात वायफाय नव्हतं, घरीही नव्हतं, पण निदान तत्त्व ठरलं.

अपडेट पुरं होऊन सव्वाअकराला फोटो चढला. कृष्णातने माल उतरवला. "चलतो मामा, शरीर सांभाळा," असं म्हणून तो निघून गेला.

शनिवारी शिवकुमारनी पत्र हातात दिलं. मुदतवाढ मिळाली होती, पण वर्षाची नाही, सहा महिन्यांची. खाली एक जादा ओळ होती. कारखान्यातल्या सर्व कामगारांच्या फोनचा डेटा आणि अपडेट यांची देखरेख यापुढे स्टोअरकीपरने करावी.

"सगळ्यांची?" मालोजीरावांनी विचारलं. "बासष्ट जण आहेत, सर."

"तुम्हाला जमतं ना आता, अण्णा."

मालोजीरावांनी पत्र पुन्हा वाचलं. ते कन्नडमध्ये होतं, त्यामुळे सोयीचा अर्थ काढायला कुठेच जागा नव्हती. "सरी," बरं या अर्थाने ते कन्नडमध्ये म्हणाले, आणि दाराबाहेर फोन हातात घेऊन उभ्या असलेल्या लेथवरच्या पुरुषोत्तमला त्यांनी आत बोलावलं.