मासेमार आडनावाचा जावई

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या नाक्यावर डहाणूच्या गाडीची वाट बघत उभी होते. झरीच्या शाळेत शिकवून परतताना रोजच तिथे थांबावं लागायचं. हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात तिचं निम्मंच ऐकू आलं. ती आणि तिचा डच नवरा डिसेंबरात येणार होते. बाबांनी त्यांच्यासाठी वाडीत मांडव घालायचा ठरवला होता.

"मांडव?" मी विचारलं.

"अगं, आम्ही नको म्हणतोय. पण ते ऐकत नाहीत."

गाडी आली, बसायला जागाही मिळाली, पण घरी पोचेपर्यंत तो मांडव माझ्या डोक्यातून गेला नाही.

माझं लग्न २०१४ सालचं, रजिस्टर पद्धतीचं. नवरा धाकटी डहाणू गावचा, घरची बोट, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. आमच्या घरी चिकूची वाडी, भातशेती. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मासेमाराच्या घरी जातेस ना? मग त्यांचंच आडनाव लाव. माझं नको." मी लावलं. आई बाजारात भेटायची, पिशवीत चिकू घालायची. बाबा मात्र त्या दिवसापासून आमच्या दारात आले नाहीत. वाडीपासून खाडीपर्यंत अंतर ते किती!

दोन वर्षांनी बहिणीने तिकडेच, नेदरलँड्समध्ये लग्न केलं. ती तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, नवराही तिथलाच. बाबांनी हूं की चूं केलं नाही, उलट गावात पेढे वाटले. आईने मला जावयाचं आडनाव सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. "विसर म्हणे. कसलं बाई हे आडनाव? काय विसर?" नंतर बहिणीने दुरुस्त केलं, की त्यांच्याकडे 'व्ही'चा उच्चार जवळजवळ 'फ'सारखा, म्हणून ते फिसर. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फिसर म्हणून दाखवायचे. माझं नवं आडनाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मांडवात आम्हालाही बोलावलं होतं. नवरा नको म्हणत होता, मीच त्याला इस्त्रीचा शर्ट घालून नेला. बहिणीचा नवरा उंच, लाजरा, उन्हाने नाक लाल झालेला. बाबा त्याला "जावईबापू, या, इकडे बसा" म्हणत स्वतः खुर्ची ओढून देत होते. माझा नवरा मांडवाच्या खांबापाशी उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही. मी बहिणीकडे बघितलं. साध्या सुती ड्रेसमध्ये ती इतकी निवांत दिसत होती, की मला तिचा राग आला. तिने काही केलं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

जेवणं झाल्यावर बाबांनी हौसेने विषय काढला. "आमच्याकडे आडनावावरून माणसाचं गाव कळतं, धंदा कळतो. सुतार, लोहार, सोनार. तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?"

बहिणीने इंग्रजीत सांगितलं. जावयाला विषय आवडला असावा, तो भरभर बोलू लागला. त्यांच्याकडेही तसंच. स्मिट म्हणजे लोहार, बाकर म्हणजे पाव भाजणारा, मुल्डर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. आधी लोक बापाच्या नावाने किंवा धंद्याने ओळखले जायचे. पुढे फ्रेंचांचं राज्य आलं तेव्हा प्रत्येकाला एक कायमचं आडनाव नोंदवावं लागलं, आणि कितीतरी घरांना धंद्याचंच नाव चिकटून राहिलं.

"आणि तुमचं?" बाबा पुढे झुकले.

जावयाने उत्तर दिलं. बहीण त्याचं मराठी करायला गेली आणि थांबली. माझ्याकडे बघून तिने नजर वळवली.

मी इंग्रजी शिकवते. मला कळलं होतं. "बाबा, मासेमार," मी म्हणाले. "फिस म्हणजे मासा. फिसर म्हणजे मासे मारणारा."

बाबांनी पानाला चुना लावायला घेतला. "जुनी गोष्ट असेल ती. आता कोण मासे मारतंय."

"माझा नवरा मारतो," मी म्हणाले.

आईने माझा हात दाबला. पण तेवढ्यात जावयाने बहिणीला विचारलं, ताई काय म्हणाली? तिने सांगितलं आणि तो ताडकन उठला. त्याचे वडील ट्राम चालवायचे, आजोबा शाळामास्तर. आडनाव मासेमार, पण घरात कुणी मासा धरलेला त्याने पाहिला नव्हता. तो खांबापाशी गेला, माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, मला बोटीवर नेशील का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची गाडी आमच्या दारात उभी राहिली. पाहुण्याला एकट्याला कसं पाठवायचं, म्हणून स्वतः घेऊन आले होते. मी ओसरीवर उभी होते. इतकी वर्षं या घडीची वाट बघितली होती. ते आले तर काय बोलायचं, हे मनात घोळवून घोळवून ठेवलं होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापूंना पाणी दे."

बोट खाडीतून बाहेर पडली. बाबा वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी, सासूबाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसून राहिले. बोट परतली तेव्हा जावई ओकून ओकून पांढराफटक पडला होता आणि खुळ्यासारखा हसत होता. माझ्या नवऱ्याने त्याला खांद्याला धरून चिखलातून आणलं. दोघांची भाषा एक नव्हती, तरी काय ते हसणं! बाबा उठून पुढे झाले आणि माझ्या नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलले. "फार हलते का हो बोट?"

त्या 'हो'ने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तो 'हो'सुद्धा बहिणीच्या नवऱ्यामुळे मिळाला, या विचाराने ते लगेच आटलं.

जायच्या आधी बहीण माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी विचारलं, "मग आता तूही फिसर का?"

"छे गं. मी बदललंच नाही आडनाव. बाबांचंच ठेवलंय. तिकडे चालतं."

मी चहाची कपबशी विसळत राहिले. एकच कपबशी बराच वेळ.

ते गेल्यावर जावई दर रविवारी माझ्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल करायला लागला. आज काय मिळालं, वारा कसा आहे, सगळं बहिणीने शिकवलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत. हे कळल्यावर बाबा रविवारी आमच्याकडे येऊ लागले. स्वतःच्या फोनवर त्यांना चेहरे दाखवणारं काही जमत नाही. यायचे, खुर्ची फोनसमोर ओढायचे, लेक-जावयाशी बोलायचे, चहा पिऊन निघायचे. माझा नवरा म्हणायचा, "येतात ना? मग झालं तर." त्याचं झालं असेल. मी प्रत्येक वेळी चहात साखर घालताना मनात म्हणायची, माझ्या घरी येऊनही हे तिलाच भेटतात.

एका रविवारी फोन आलाच नाही. ती दोघं कुठे बाहेरगावी गेली होती. बाबा वाट बघत बसले. जेवायची वेळ झाली. मी न विचारताच ताट वाढलं, कोलंबीचं कालवण आणि भात. ते आमच्याकडे पहिल्यांदाच जेवत होते. आधी संकोचाने, मग बोटं चाटत जेवले.

"आणखी भात वाढ," ते म्हणाले. "तुझ्या आईपेक्षा कालवण बरं झालंय. तिला सांगू नकोस."

मी भात वाढला. ते जेवताना मधूनमधून फोनकडे बघत होते. मीही बघत होते, तो वाजू नये म्हणून.