जिन्यावरचा हात

कार्ड आले तेव्हा मी खानावळीत पानावर बसलो होतो. काकूंनी ते कुणाकडून तरी लिहवून घेतले होते. "तात्या गेले. आठ दिवस ताप होता. तुझी आठवण काढत होते." मी कार्ड पालथे ठेवले आणि जेवून घेतले. हे सांगायला संकोच वाटतो, पण आता दीड महिना झाला, खरे तेच लिहावे... मला तात्यांचा राग होता, आणि तो त्यांच्याबरोबर गेला नाही.

सावर्ड्याच्या पलीकडच्या आमच्या शेतकरी घरातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. रत्नागिरीत शाळेच्या दिवसांत तात्यांच्या माडीवर माझी सोय झाली. नात्याचे ते कुणी नव्हते. बंदराजवळच्या मैदानात पावसाळा सोडून मूकपटांचा तंबू लागे. पडद्याशेजारी उभे राहून चित्राची गोष्ट लोकांना समजावून सांगणे हा तात्यांचा धंदा. विलायती रहस्यपटांवर त्यांचा फार जीव. जेवताना ते मला त्यातली खोच शिकवत. "सुरुवातीला तोंड दाखवायचं नाही रे. हात दाखवावा, छत्री दाखवावी, जिन्याची एक पायरी दाखवावी. तोंड दिसलं की भीती संपली." त्यांच्या बायकोला मी काकू म्हणे. त्या म्हणायच्या, "आमटी निवत्ये. तिचं तोंड बघा आधी."

तंबूत मी लाजून अगदी मागे, खांबाला टेकून बसायचो. एका चित्राची सुरुवात मनात कायमची राहिली. पडदा पांढराफटक. मग तात्यांचा खालचा आवाज, "जिना... वर कुणीतरी निजलंय..." आणि पडद्याच्या कडेने एक काळा हात हळूहळू वर चढू लागला. बोटात मोठ्या खड्याची अंगठी. माझ्या शेजारचा खलाशी ओरडला, "अरे मेल्या, दार लाव!" त्यानंतर कितीतरी दिवस माडीचा जिना मी धावतच चढत असे.

पुण्याला कॉलेजात आल्यावर मी वर्गात सहसा तोंड उघडत नसे. आपले बोलणे ऐकून लोक हसतील, ही धास्ती. तरी वाङ्मय मंडळात एकदा धीर करून निबंध वाचला. विषय होता रहस्यपटाची सुरुवात. हा एकच विषय मला इतरांपेक्षा जास्त कळतो, असे वाटत होते. जिन्यावरच्या त्या हाताचे वर्णन मी मन लावून केले होते. ते ऐकून एक जण उठला. "अहो, हा सिनेमा इथे पुन्हा लागलाय. मी परवाच पाहिला. तो नाचाच्या मेजवानीने सुरू होतो. हात कुठला?" सगळे हसले. अध्यक्षस्थानी असलेल्या प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, "आपण चित्र पाहिले आहे ना?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाऊन चित्र पाहिले. मेजवानीच होती. जिना नव्हता, अंगठी नव्हती. त्या वर्षी मी मंडळात पुन्हा गेलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला उतरलो आणि ओटीवरच तात्यांना विचारले. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

"रीळ दहा गावं फिरून यायचं रे. सुरुवातच फाटलेली. मशीन कोरा उजेड टाकी, मी आपला हात आडवा धरी. लोकांना सुरुवात नको द्यायला?"

"मला तरी सांगायचं होतंत. मी तुमच्याच घरात राहत होतो."

"पुढच्या चटईवर सगळ्यांना ठाऊक होतं. मेल्या, पुढे बसला असतास तर दिसलं असतं!"

आणि ते हसले. मंडळातले हसणे मी एक वेळ विसरलो असतो... हे नाही. मी तिथूनच घरी गेलो. पुढे बोलपट आले, समजावून सांगणाऱ्याची कुणाला गरज उरली नाही. तात्यांची दोन पत्रे आली. दुसऱ्यात होते, "तुझा तो निबंध वाचायला पाठव." मी पाठवला नाही. उत्तरही लिहिले नाही.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला गेलो. माडीवर खुंटीला तात्यांचा काळा कोट होता आणि कोनाड्यात ती अंगठी. पितळेची, बाटलीच्या काचेचा खडा बसवलेली. काकू म्हणाल्या, "घेऊन जा. तुझ्यासाठीच ठेव म्हणाले होते." मी नको म्हणालो. त्या कंदील ठेवून खाली गेल्या.

तिन्हीसांज झाली होती. अंगठी नुसती पाहावी म्हणून मी बोटात घातली. सैल झाली. काढण्यासाठी हात वर केला, तर समोरच्या भिंतीवर एक काळा हात चढला... आणि मी दचकलो. सगळे ठाऊक असूनही दचकलो.

"काय रे झालं?" खालून काकूंनी विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, आणि अंगठी कोनाड्यात परत ठेवली, खडा भिंतीकडे करून.