बांधावरचं स्टूल

यंत्राला एकटं सोडू नये, असं मनापासून मानणारा माणूस या जगात एकच असावा, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरात भाड्याने राहतो. सुकापूरला या काकांचं स्वतःच्या जागेवर बांधलेलं घर आहे. खाली गाळे, पहिल्या मजल्यावर काका-काकी आणि वर आम्ही भाडेकरू. कधीकाळी या कुटुंबाची उरणच्या बाजूला मिठागरं होती. ती गेली, तिथे आता मोठमोठी गोदामं उभी राहिली. पैसा आला, घर झालं, मुलगा पुण्याला गेला. भाडं येतं, त्यामुळे काका निवृत्तच आहेत. पण त्यांच्याइतका कामात बुडालेला निवृत्त माणूस मी पाहिलेला नाही, कारण घरातलं प्रत्येक यंत्र चालू असेपर्यंत ते त्याच्यासमोर बसून असतात.

कपडे धुण्याच्या मशीनपुढे त्यांचं एक निळं प्लास्टिकचं स्टूल कायमचं ठेवलेलं आहे. मशीन सुरू झालं की काका स्टुलावर. पाणी भरतं, ढोल फिरतो, थांबतो, उलटा फिरतो. काकांची नजर काचेवरून हटत नाही. मशीन थरथरायला लागलं की ते त्याच्यावर पंजा ठेवतात आणि म्हणतात, "सावकाश, सावकाश. कोनी मागं लागलाय काय?" मी एकदा सांगून पाहिलं की काका, हे आपोआप होतं, म्हणूनच त्याला ऑटोमॅटिक म्हणतात. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"ग्रॅज्वेट, मीठ पन आपापलाच व्हतो. पानी खाडीचा, ऊन सूर्याचा, वारा वाऱ्याचा. आमी काय करायचो? बांधावर बसायचो. का बसायचो? बांध फुटला तं हाक कोनाला मारनार, सूर्याला?"

मला ते ग्रॅज्वेट म्हणतात. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आमच्या तालुक्याच्या गावी माझं नाव जुन्या शाळेच्या फळ्यावर लागलं, तेव्हा आई तो फळा पाहायला आली होती आणि तिला वाचता येत नसल्याने सरांनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं होतं. त्यामुळे काकांनी कितीही चेष्टेने हाक मारली तरी मला ती गोडच लागते. फक्त वेळ चुकीची असते. मी कामावरून डोळे चुरचुरत परत येतो, जिन्यात पाऊल टाकतो, तोच आतून आवाज येतो, "ओ ग्रॅज्वेट! जरा या, यो लाल दिवा का दावतोय बघा."

सुनेने पुण्याहून घर झाडणारा रोबोट पाठवला, तेव्हा तर माझे कितीतरी रविवार गेले. तबकडीएवढा तो प्राणी फरशीवर फिरायला लागला आणि काका हातात काठी घेऊन त्याच्या मागे. मारायला नव्हे, वळवायला. तो पलंगाखाली अडकला की काका गुडघ्यांवर बसून त्याची समजूत काढत. "ये बाहेर. कोनी काय बोलला नाय तुला." पण काम संपल्यावर तो स्वतःच भिंतीकडे चार्जिंगला परतला, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "संध्याकालचा आपापला गोठ्यात जातो. चांगल्या घरातला हाय यो."

टोलनाक्यावरची गोष्ट तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आम्ही कोन गावाजवळून द्रुतगती मार्गाला लागत होतो. फास्टॅग वाचला गेला, आडवा दांडा वर गेला, आणि काकांनी गाडी जागच्या जागी उभी केली. मागे हॉर्नांचा गोंधळ. मी म्हणालो, "काका, चला ना, दांडा वर गेलाय."

"दांडा वर गेला. पन जा असा कोन बोलला?"

शेवटी केबिनमधल्या मुलीने वैतागून हात हलवला. काकांनी तिला नमस्कार केला आणि मगच गाडी हलवली.

गंमत अशी की माणसाच्या बाबतीत मात्र काका कशाचीही खातरी करून घेत नाहीत. मासळी बाजारात एखादी मावशी "ताजा हाय रं दादा" म्हणाली की ते डोळे मिटून पिशवी पुढे करतात. मासे पारखायचं काम आयुष्यभर काकींचं. कल्ला उघडून बघणं, पोटाला बोट लावणं, भावावरून भांडणं, निघून जाणं, परत बोलावलं की मागे वळणं, हे सगळं काकींचं साम्राज्य होतं. पण काकींचे दोन्ही गुडघे गेले आणि बाजार सुटला. खाली उतरायचं म्हणजे कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, आणि तेही फक्त डॉक्टरकडे जायला. बाजार काकांकडे आला. "यांनी आनलेला पापलेट मांजर हुंगतो नि माझ्याकरं बघतो," असं काकी मला सांगायच्या. हसून सांगायच्या, पण त्या हसण्यात दम नसायचा.

डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले. काकी लगेच तयार झाल्या. अडलं ते पुढच्या वाक्यावर. हल्ली हे काम रोबोटच्या मदतीने करतात, असं तिथल्या मदतनिसाने कौतुकाने सांगितलं. काकांनी फक्त एक प्रश्न विचारला. "तो काम करंल तवा मना बाजूला बसायला भेटंल?" भेटणार नाही, असं कळलं. काका उठले आणि काकींना घेऊन घरी आले. मग महिने गेले. विषय निघाला की काका मशीनसमोर जाऊन बसत.

एका संध्याकाळी मी जिन्यात असताना आतून काकींचा आवाज आला. त्या ओरडत नव्हत्या, फार दमल्या होत्या.

"तुमी धुन्याच्या मशीनपाशी बसता, त्या झारनाऱ्या तबकरीपाशी बसता. माझ्या गुरघ्यापाशी कवा बसनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वर आले. एरवी ते मला हाक मारून खाली बोलावतात. आपण होऊन माझ्या दारात ते पहिल्यांदाच उभे राहिले. "ग्रॅज्वेट, तू शिकलास. तू मशीनमधला मानूस. तू हो बोल, मी हो बोलतो."

मी मशीनमधला माणूस कसला! एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना आता यंत्रच उत्तरं देतं, आणि ती उत्तरं दिवसभर वाचून कुठे काही वेडंवाकडं तर बोललं गेलं नाही ना, एवढंच पाहणं माझं काम. आमच्या घरी ते कुणाला समजावून सांगता येत नाही. एवढं शिकून दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत बसतोस का, असं वडील एकदा म्हणाले होते. काकांना मात्र मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली होती. "म्हंजे बांधावर बसतोस!" माझ्या नोकरीला इतका मान त्याआधी कुणी दिला नव्हता.

त्या मानामुळेच मला खोटं बोलता येईना. मी म्हणालो, "काका, त्या मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण ज्यांना कळतं त्यांनाच जाऊन विचारू. तुम्ही विचारा, मी बरोबर येतो."

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने काकांच्या सुनेएवढ्या होत्या. काकांनी त्यांना रोबोट कुठल्या देशाचा, केवढ्याचा, असलं काही विचारलं नाही.

"मशीन चालंल तवा तुमी कुठं असाल?"

"तिथेच. माझा हात त्याच्यावरच असतो. मी हात काढला की ते थांबतं."

"बसायला स्टूल हाय?"

"नाही हो, उभीच असते मी. शेवटपर्यंत."

काकांनी टेबलाखाली वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं. "मंग त्या दिवशी चप्पल चांगली घाला बाय."

ठरलं. त्या दिवशी मी रजा काढली. हॉस्पिटलच्या दारात काका रिक्षातून उतरले ते एका हाताने काकींना धरून आणि दुसऱ्या हातात निळं स्टूल घेऊन. आत काकींना नेलं आणि काकांनी स्टूल बरोबर बंद दारासमोर मांडलं. वॉचमन म्हणाला, "बाबा, तिकडे खुर्च्या आहेत, गादीच्या." काका स्टूल घेऊन उठले, वॉचमनची पाठ फिरली तसे परत जाग्यावर. असं बऱ्याचदा झाल्यावर वॉचमननेच हार मानली आणि त्यांना पाणी आणून दिलं.

माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर काकींच्या नावापुढे 'शस्त्रक्रिया पूर्ण' असं आलं होतं. आजूबाजूचे लोक आमचं अभिनंदन करत होते. काका ताठ बसून दाराकडे बघत होते.

"काका, झालं! बोर्डावर आलंय."

"बोर्ड बोलला. डॉक्टरीन कुठं बोलली?"

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरची पट्टी खाली केली आणि म्हणाल्या, "छान झालं सगळं." काका उठायला गेले, पण बसून बसून त्यांचेच पाय बधिर झाले होते. माझ्या खांद्याला धरून ते कसेबसे उभे राहिले आणि त्यांनी बाईंना विचारलं, "पाय दुखले काय तुमचे?"

काकी हळूहळू चालायला लागल्या. आधी खोलीत, मग गॅलरीत, मग जिन्यावर. काका काठी घेऊन त्यांच्या एक पाऊल मागे. "मी काय तबकरी हाय?" असं काकी ओरडतात, काका मागे हटत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी कामावरून नेहमीपेक्षा जास्त दमून आलो होतो. आमच्या विभागात सांगण्यात आलं होतं की यंत्राची उत्तरं तपासायचं काम आता दुसरं यंत्रच करील. आम्हाला कुठे बसवायचं ते पुढे कळेल. दिवा न लावता मी नुसता बसलो होतो. दार वाजलं. बाहेर काकी उभ्या होत्या. श्वास चढलेला, कपाळावर घाम, हातात झाकलेली वाटी. मी इथे राहायला आल्यापासून त्या माझ्या मजल्यावर कधीच चढल्या नव्हत्या. एक पायरी खाली काका, काठीसकट.

"मीच आनला आज बाजारातून," काकी म्हणाल्या. "कल्ला बघून. भांडून."

"आमच्याकरं बांधावर बसनाऱ्याचा वाटा पयला काढतात," मागून काका म्हणाले. "बसलास ना आज?"

"बसलो काका," मी म्हणालो, आणि दोन्ही हात पुढे करून वाटी घेतली. अजून गरम होती.